सोयाबीनच्या गाठीतली साखर चित्रात का पसरते?

परभणीच्या रानातल्या सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी मॅल्डीवर (लेसरने कापातले रेणू उडवून, वस्तुमानावरून कोणता रेणू कुठे आहे त्याचं चित्र काढणारं यंत्र) घेतल्या, पण 381.08 या वस्तुमानाला (m/z) साखरेचं चित्र फिस्कटलेलं येतंय, लेसर वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. वाढवू नका. त्याने रेणू जास्त तुटतील, पसरलेली साखर काही जागेवर येणार नाही.

आधी 616.18 चं चित्र उघडा. ते हीम, गाठीतल्या हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनातला लोहाचा रेणू. ताजी गाठ कापली की मध्ये जो गुलाबी रंग दिसतो तो त्याचाच. हीम मधल्या भागात नीट बसलंय आणि 381 मात्र कापाबाहेर, गाठ ज्यात बसवली त्या जिलेटिनवरही उमटलंय, तर कापाला पाणी लागलंय. दोन्ही पसरले असतील तर मॅट्रिक्सचा (लेसरची ऊर्जा शोषून रेणू उडवायला मदत करणाऱ्या लेपाचा) फवारा फार ओला पडतोय.

पाणी बहुतेक वेळा स्लाइड फ्रीजरमधून काढताना लागतं. गाठी भरतात श्रावण-भाद्रपदात, तेव्हा हवा दमट. उणे 80 वरची काच उघडली की क्षणात दव धरतं आणि साखर विरघळते. सिलिका जेल घातलेली डबी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. नंतर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये अर्धा तास.

रोप उपटू नका, काळ्या मातीत निम्म्या गाठी ढेकळातच राहतात. कुदळीने ढेकळासकट काढा, झटकन धुवा, टिपून घ्या आणि 10 टक्के जिलेटिनमध्ये बसवून ड्राय आइसवर गोठवा. साध्या फ्रीजरात सावकाश गोठवलं तर बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात. ओसीटी (गोठवलेले काप घेताना नेहमी वापरतात ते बसवण्याचं द्रव्य) अजिबात नको, त्यातल्या पॉलिमरची शिखरं खरा सिग्नल दाबतात. क्रायोस्टॅट (गोठवलेल्या गाठीचे पातळ काप घेणारं यंत्र) उणे 20 ला, काप 16 मायक्रॉन. काप तडकतोय तर दोन-तीन अंश वर घ्या, लगदा होतोय तर खाली. स्लाइडची आयटीओची (वीजवाहक लेपाची) बाजू मल्टिमीटरने तपासूनच काप ठेवा.

मॅट्रिक्स म्हणून डीएचबी 40 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, 70 टक्के मिथेनॉलमध्ये, 0.1 टक्का टीएफए (एक आम्ल) घालून. आठ-दहा पातळ थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. एवढं करूनही पसरलं तर फवारा सोडून सब्लिमेशनकडे (द्रावणाशिवाय, मॅट्रिक्सची वाफ करून कोरडा थर देणं) वळा.

आणि 381.08 दिसलं म्हणून लगेच सुक्रोज लिहू नका. गाठीतले जिवाणू ट्रेहॅलोज बनवतात, त्याचंही वस्तुमान तेवढंच. गाठीचा मधला भाग आणि साल वेगळी काढून, अर्क करून, दोन्ही साखरांच्या स्टँडर्डसोबत क्रोमॅटोग्राफीवर बघा.