पळसाचे फोटो काढणारी लेक

पत्र: माझी मुलगी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्षापासून दर रविवारी गच्चीवरून समोरच्या पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडाचा मोबाइलवर फोटो काढते. पानं कधी गळली, पालवी कधी फुटली, ते वहीत लिहिते. आता तिला ‘रिमोट सेन्सिंग’ (उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) करायचं आहे. एक क्लास तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटचे ६० हजार मागतो. आमची चार एकर धानाची शेती. यात पोट भरेल का, की एमपीएससी बरी?
– एक पालक, ब्रह्मपुरी तालुका

नमस्कार भाऊ,

ते ६० हजार आधी खिशातच राहू द्या. क्लासमध्ये जे सॉफ्टवेअर शिकवतात त्यातलं क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था याच विषयाचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत चालवते. तिथून सुरुवात करू द्या.

आता लेकीच्या फोटोंबद्दल. तुम्हाला तो छंद वाटतो, पण अमेरिकेत २००८च्या सुमारास ‘फेनोकॅम’ नावाचं कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं ते याच कामासाठी. जंगलात मनोऱ्यावर कॅमेरा बसवायचा, दर अर्ध्या तासाला एक फोटो, आणि प्रत्येक फोटोत लाल, हिरवा, निळा मिळून जो उजेड आहे त्यात हिरव्याचा हिस्सा किती ते मोजायचं. तो वाढायला लागला की पालवी फुटली. उपग्रहाची युक्ती थोडी वेगळी. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंतल्या फरकावरून हिरवळीचा आकडा निघतो.

पण तुमच्या गच्चीसमोरचा कुसुम हा हिशेब चुकवतो! त्याची कोवळी पालवी लालभडक. झाड पानांनी भरतं, तरी हिरव्याचा हिस्सा वाढत नाही. संगणक म्हणतो, अजून काही फुटलेलं नाही. पळस तर निष्पर्ण असतानाच फुलतो, म्हणजे झाडाचा रंग बदलतो पण पानं नसतातच. शिवाय मोडिस या उपग्रह-कॅमेऱ्याचा एक ठिपका २५० मीटरचा, म्हणजे सुमारे १५ एकर. तुमच्या चारही एकरांच्या बांध्या, शेजाऱ्याच्या बांध्या आणि बांधावरचे पळस, सगळं त्या एका आकड्यात. सेंटिनेल-२ या उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा, तो बराच बरा. पण आपल्याकडे साग पानावर येतो तेव्हाच आभाळ भरून येतं आणि उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही. म्हणून ढगापार पाहणारं रडार लागतं. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार हा रडार-उपग्रह तसाच आहे.

हे एवढं सविस्तर लिहिलं, कारण नोकरीचं उत्तर त्यातच आहे. सॉफ्टवेअरवर नकाशे काढणारे आज पैशाला पासरी मिळतात. ‘हा आकडा खोटा बोलतोय, इथे कुसुम आहे’ असं सांगणारा माणूस मिळत नाही. तुमच्या मुलीकडे ती नजर आहे. कमी आहे ते गणित. वनस्पतिशास्त्राची बरीच मुलं गणित टाळण्यासाठीच तिकडे येतात. ती तशी आली असेल तर आताच कळलेलं बरं. संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, पदवी होईपर्यंत रोज तासभर. पुढे एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात, आणि मग आयआयआरएसचं एम.टेक. पदवीनंतर लगेच जिओइन्फॉर्मेटिक्सला (संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याचं शास्त्र) जाता येतं, पण माझं मत विचाराल तर झाडांचा अभ्यास आधी पक्का होऊ द्या.

पोट भरेल का? भरेल, पण लगेच नाही. नागपूरचं एमआरसॅक (राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र), विद्यापीठांचे प्रकल्प, वन्यजीव संस्था इथे सुरुवातीला बहुतेक कामं कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. कायमच्या जागेला वेळ लागतो. पीकविम्याचं काम मात्र वाढतंय: २०२३च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजनेत धान आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात उपग्रहासारख्या तंत्राला किमान ३० टक्के वजन आहे. तुमच्याच बांधीचा हिशेब आता वरून होतो म्हणा ना.

एमपीएससीशी याचं वाकडं नाही. वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्राची पदवी चालते, तेव्हा ते दार उघडंच राहतं.

फोटोंसाठी दोन सूचना तिला द्या. शक्यतो उत्तरेकडे तोंड करून आणि दर वेळी ठरावीक वेळेलाच, दुपारी बाराच्या आसपास, फोटो काढावा, म्हणजे ऊन थेट भिंगात येत नाही. आणि मोबाइल आपणहून रंग सुधारतो, ते ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करावं. नाहीतर ढगाळ दिवशीचा पळस वेगळ्याच रंगाचा दिसेल.

पास झाल्यावर नवा फोन घेऊन देणार असाल तर जुना लगेच विकू नका. पाच-सहा रविवार दोन्ही फोनने फोटो काढू द्या, म्हणजे दोन्हींच्या रंगांतला फरक तिला मोजता येईल आणि दीड वर्षाची वही वाया जाणार नाही.