आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याचा डॅशबोर्ड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांना आम्ही ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशेब असे कारखान्याचे व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर) पुरवतो. त्यात डॅशबोर्ड (आकडे आलेखांतून दाखवणारा पडदा) बसवून देणारी एक कंपनी वापरकर्त्यागणिक दर सांगत आहे. तो स्वीकारावा का?

उत्तर : आपण प्रत्येक कारखान्याकडून वर्षाला ठरावीक रक्कम घेत असाल आणि लॉगिनच्या संख्येवर बंधन घालत नसाल, तर स्वीकारू नये. डॅशबोर्ड उपयोगी ठरला की मालकाबरोबर स्टोअरकीपर, खरेदी अधिकारी आणि शिफ्टचे सुपरवायझरही तो उघडू लागतात. आपले उत्पन्न तेवढेच राहते आणि खर्च वाढत जातो. ज्या मापाने आपण विकतो त्याच मापाने विकत घ्यावे, म्हणजेच कारखान्यागणिक दर किंवा वापरकर्त्यांची मर्यादा नसलेली वार्षिक रक्कम मागावी. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय एम्बेडेड या डॅशबोर्ड सेवेत शुल्क संगणन-क्षमतेवर, म्हणजे आपल्यासाठी राखलेल्या सर्व्हरच्या ताकदीवर, आकारले जाते. अहवाल केवळ पाहणाऱ्या आपल्या ग्राहकांना वेगळा परवाना लागत नाही, तो प्रकाशित करणाऱ्या आपल्या माणसाला मात्र लागतो. ही पद्धत सोयीची आहे, परंतु महिनाअखेरीस बहुतेक कारखाने एकाच वेळी स्टॉकचे अहवाल उघडणार, त्यामुळे क्षमतेचा अंदाज त्या गर्दीवरच बांधावा. विक्रेत्याने उत्पन्नातील वाटा मागितला, तर तो डॅशबोर्डच्या स्वतंत्र आकारणीपुरताच मान्य करावा. संपूर्ण ईआरपीच्या विक्रीवर वाटा मागणे मला अवाजवी वाटते.

प्रश्न : डॅशबोर्डची मुक्तस्रोत साधने (ज्यांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सर्वांना खुला असतो) फुकट असताना पैसे का मोजावेत?

उत्तर : साधनागणिक परवाना वेगळा असतो. अपाचे सुपरसेट अपाचे २.० परवान्याखाली असल्याने व्यावसायिक उत्पादनात वापरता येते. मेटाबेसच्या मोफत आवृत्तीला एजीपीएल हा परवाना लागू आहे. ग्राफानानेही २०२१ मध्ये तोच परवाना स्वीकारला. एजीपीएलखालील सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून ते इंटरनेटवरून वापरायला दिले, तर फेरफार केलेला सोर्स कोड त्या वापरकर्त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. शिवाय सर्व्हर, सुधारित आवृत्त्या आणि सुरक्षिततेची जबाबदारी आपल्यावर येते. त्यासाठी एक जाणकार माणूस कायमचा नेमता येत नसेल, तर ‘फुकट’ हा हिशेब जुळत नाही.

प्रश्न : आमचे सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी आहे. एका संस्थेची थकबाकी दुसरीला दिसली तर?

उत्तर : ही शंका रास्त आहे, आणि खरेदीपूर्वीच्या चाचणीत तीच सर्वप्रथम तपासावी. कोणत्या संस्थेची माहिती दाखवायची हे ब्राउझरच्या पत्त्यातील क्रमांकावरून ठरत असेल, तर तो क्रमांक कोणीही बदलू शकतो. ओळख आपल्या सर्व्हरने स्वाक्षरी केलेल्या, अल्पमुदतीच्या टोकनमधून (डिजिटल ओळखपत्रातून) जावी आणि ओळींची गाळणी, म्हणजे त्या संस्थेच्याच नोंदी निवडणे, सर्व्हरवरच व्हावी. दोन बनावट संस्था उभारून एकीच्या लॉगिनने दुसरीची माहिती मागून पाहावी. एक्सेल निर्यात आणि ईमेलने जाणारे नियोजित अहवालही त्यात घ्यावेत, कारण चाचणी करणारे हे दोन मार्ग हमखास विसरतात.

प्रश्न : विक्रेता कंपनीच विकली गेली तर आमचे काय?

उत्तर : असे या क्षेत्रात घडतेच, २०१९ मध्ये डॅशबोर्डची साधने बनवणारी टॅब्लो ही कंपनी सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली आणि २०२० मध्ये त्याच क्षेत्रातील लुकरची खरेदी गूगलने पूर्ण केली. म्हणून नूतनीकरणाच्या दरवाढीला कमाल मर्यादा असावी, मालकी बदलली तरी करार कायम राहावा आणि करार संपल्यावर विद्यमान ग्राहकांची सेवा पुढे काही काळ चालू ठेवण्याचा हक्क मिळावा, अशी तीन कलमे सहीपूर्वीच घालून घ्यावीत. थकबाकीसारख्या आकड्यांची सूत्रे विक्रेत्याच्या साधनात न लिहिता आपल्या डेटाबेसमध्ये ठेवली, तर उद्या साधन बदलताना केवळ आलेख नव्याने काढावे लागतील.