तो पंप कुणाच्या पट्ट्याला होता?

प्रश्न : भाऊ, माझे मिस्टर वणी भागातल्या एका भूमिगत खाणीत १९ वर्षांपासून आहेत. गेली पाच वर्षं ते छताला बोल्ट मारायच्या टीममध्ये आहेत, म्हणजे वरच्या दगडात भोकं पाडायचं काम. सकाळी खोकला येतो, थुंकी काळी पडते, जिना चढताना धाप लागते. सेफ्टी कमिटीतल्या एकाने वहीत बघून सांगितलं, "तिथली धूळ १.६ आहे, मर्यादा २ ची, काळजी करू नका." ते माप मार्चमधलं आहे, आता सप्टेंबर सुरू आहे. मागच्या पी.एम.ई.मध्ये, म्हणजे खाणीच्या ठराविक वैद्यकीय तपासणीत, 'फिट' आलं. मग हा त्रास कशाचा? आम्ही कुणाला काय विचारायचं?
– एक भगिनी, वणी

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझी नोकरीची सव्वीस वर्षं खाणींतली धूळ मोजण्यात गेली. त्यामुळे १.६ वाचताच मनात आलं ते एवढंच, की त्या पाळीत पंप कुणाच्या पट्ट्याला होता?

माप कसं घेतात ते आधी सांगतो, म्हणजे हा प्रश्न का, ते कळेल. कामगाराच्या पट्ट्याला एक छोटा पंप असतो. त्याची नळी पाठीवरून वर येते आणि कॉलरपाशी, नाकातोंडाजवळ, एक सायक्लोन लावलेला असतो. तो जाड धूळ खाली पाडतो आणि बारीक तेवढी वरच्या गोल फिल्टरवर जाऊ देतो. मिनिटाला २.२ लिटर हवा ओढणारा पंप आठ तास चालला तर सुमारे १,०५६ लिटर, म्हणजे एक घनमीटरहून थोडी जास्त हवा त्यातून जाते. तो फिल्टर पाळीआधी आणि पाळीनंतर वजन करून बघायचा. मर्यादेइतकी धूळ असेल तर वजन जेमतेम दोन मिलिग्रॅमने वाढतं. खसखशीचे पाच-सहा दाणे म्हणा ना! एवढ्याशा वजनावर माणसाच्या फुप्फुसाचा हिशेब ठरतो, म्हणून त्यात हलगर्जी मला कधी सहन झाली नाही.

एकदा मात्र मीच गप्प बसलो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका खाणीत मला सांगण्यात आलं की ड्रिलरला पंपाची अडचण होते, तो ताज्या हवेच्या वाटेवर लाकडी खांबाला अडकवून ठेव. मी तसं केलं. संध्याकाळी एक वयस्कर ड्रिलर जवळ येऊन म्हणाला, "साहेब, डबा इथं टांगला, पण धूळ तर तिकडं खातो आम्ही." मर्यादेच्या निम्मासुद्धा नसलेला आकडा वहीत चढला आणि खाली माझी सही होती. त्या सहीची टोचणी अजून गेलेली नाही. पुढे मी पाळीभर फेसवर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं त्या टोकाला, थांबून पंपाकडे लक्ष ठेवत गेलो, ते त्या माणसामुळे.

आता तुमच्या १.६ कडे वळू. '२ ची मर्यादा' हे अर्धंच सांगितलंय. २०१७ च्या कोल माइन्स रेग्युलेशन्सप्रमाणे दर घनमीटरला २ मिलिग्रॅम ही मर्यादा धुळीत सिलिका (दगड-वाळूतलं खनिज) पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तेव्हाची. सिलिका त्याहून जास्त असेल तर १० ला सिलिकेच्या टक्क्याने भागायचं. (१९५७ च्या जुन्या नियमांत हेच आकडे ३ आणि १५ होते.) तुमचे मिस्टर कोळशात नाही, छताच्या दगडात भोक पाडतात. वर्धा खोऱ्यातल्या कोळशासोबत वालुकाश्म आहे, आणि वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, सिलिकाच. समजा त्यांच्या धुळीत सिलिका आठ टक्के निघाली, तर मर्यादा १.२५ वर येते आणि १.६ मर्यादेच्या बाहेर जातं. म्हणून "सिलिका किती टक्के होती?" हे विचारल्याशिवाय १.६ ला चांगलं किंवा वाईट म्हणताच येत नाही.

आणि क्षणभर २ चीच मर्यादा धरू. १.६ म्हणजे तिच्या ८० टक्के. माप मर्यादेच्या निम्म्याहून जास्त आलं तर पुढचं माप तीन महिन्यांच्या आत आणि ७५ टक्क्यांहून जास्त आलं तर एका महिन्याच्या आत घ्यायचं, असं नियम सांगतो. सहा महिन्यांची मुभा निम्म्याच्या खालच्या जागांना. मार्चच्या मापानंतर एप्रिलमध्ये दुसरं व्हायला हवं होतं. ते झालं का? नोंदी बांधीव, पानांवर आकडे घातलेल्या वहीत ठेवायच्या असतात आणि प्रत्येक नोंदीवर मॅनेजरची तारखेसह सही लागते. त्यामुळे एप्रिलचं पान आहे की नाही, हे दोन मिनिटांत दिसेल.

सेफ्टी कमिटीतल्या त्या भाऊंना, किंवा खाणीत वर्कमन इन्स्पेक्टर (कामगारांच्या वतीने सुरक्षा तपासणारा) असेल तर त्याला, हे लेखी विचारायला सांगा : पंप कोणत्या कामावरच्या माणसाला लावला होता, पाळीत किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद झाला, सिलिका किती टक्के आली आणि मार्चनंतर पुढचं माप कधी घेतलं. सोबत हेही विचारा की छतात भोक पाडताना ड्रिलला पाणी चालू असतं का. धूळ जिथं जन्मते तिथंच ती भिजवली तर निम्मं काम होतं. उत्तर मिळालं नाही तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे, तिथं लेखी अर्ज करा.

काळ्या थुंकीबद्दल एक सांगतो. जी धूळ दिसते, जी खाकरून बाहेर पडते, ती बरीचशी वरच्या वर अडकलेली असते. आत खोल जाऊन बसते ती सुमारे पाच मायक्रॉनच्या खालची. ती डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे "आज फेसवर धूळ नव्हती" या बोलण्यावर विसंबू नका.

'फिट' या शेऱ्यावरही नाही. पी.एम.ई. मागेच होऊन गेली आणि मिस्टरांना धाप आज लागते आहे. छातीच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. आधीचे सगळे एक्स-रे सोबत न्या आणि 'खाणीत नोकरी' एवढंच सांगून थांबू नका. "१९ वर्षं भूमिगत, त्यातली पाच वर्षं दगडात ड्रिलिंग" असं सांगा. फुंकून बघायची फुप्फुसाची तपासणी मागा. थुंकीची क्षयासाठी तपासणीही करून घ्या, कारण सिलिकेची धूळ खाल्लेल्या माणसाला क्षय लवकर गाठतो. उलटही होतं : धुळीचा आजार क्षय समजून माणूस वर्षभर गोळ्या घेत राहतो. डॉक्टरांनी न्यूमोकोनिओसिस किंवा सिलिकोसिस (धुळीने होणारे फुप्फुसाचे आजार) म्हटलं तर ते लेखी घ्या. कायद्याप्रमाणे हे सरकारला कळवणं बंधनकारक असलेले आजार आहेत. फुप्फुसात बसलेली धूळ काढायचं औषध नाही, ताई. म्हणून तपासणी होईपर्यंत त्यांना दगडाच्या ड्रिलवरून दुसरं काम मिळावं असा अर्ज आजच द्या, आणि पोच घ्या.

प्रश्न : मी उमरेडकडच्या ओपनकास्टमध्ये (उघड्या खाणीत) ड्रिल मशीनवर हेल्पर आहे. तोंडाला ओला गमछा बांधतो. पुरे का?
– एक वाचक

उत्तर : पुरे नाही. गमछ्याच्या विणीतली भोकं त्या बारीक धुळीपेक्षा कितीतरी मोठी असतात आणि नाकाच्या बाजूने हवा आत येतेच. चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क मागा. दाढी वाढलेली असेल तर तोही बसत नाही. ओ.बी.मध्ये, म्हणजे कोळशावरच्या दगडमातीच्या थरात, ड्रिल चालतं तेव्हा तुम्हीही कोळसा नाही, दगडच खाता, तेव्हा वरचं सिलिकेचं गणित तुम्हालाही लागू आहे. वारा पाठीशी घेऊन उभे राहा. मशीनचा डस्ट कलेक्टर बंद असेल तर पाळी सुरू व्हायच्या आधी ऑपरेटरकडून लॉगबुकात तशी नोंद करून घ्या.