क्लास बदलण्याआधी लेकीची झोप मोजा

प्रश्न : माझी मुलगी बारावीनंतर लातूरला वसतिगृहात राहून दुसऱ्यांदा नीटची तयारी करते आहे. रात्री दीडला झोपते, क्लाससाठी पहाटे साडेपाचला उठते. तरी सराव परीक्षेत गुण ४८०च्या पुढे सरकत नाहीत. ‘पप्पा, सगळं येतं, पेपरातच चुकतं,’ म्हणते. क्लास बदलू, की डॉक्टरकीचा नाद सोड म्हणू?
– एक पालक, परभणी जिल्हा

उत्तर : सप्रेम नमस्कार. आत्ता यातलं काहीच करू नका. मुलगी चार तास झोपते आहे. अठराव्या वर्षी साधारण आठ तास झोप लागते. अशा स्थितीत मिळालेल्या गुणांवरून तिची कुवतही कळत नाही आणि क्लासचा दर्जाही.

येत्या रविवारी तिला मागच्या चार सराव परीक्षांचे पेपर काढायला सांगा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करायची : मुळात आलं नाही, अर्धवट आठवलं, की येत असून चुकलं. ‘अयोग्य विधान कोणते’ हा प्रश्न ‘योग्य’ असा वाचणं, सेंटीमीटरचे मीटर करायचे राहणं, ओएमआर शीटवर एक ओळ खाली गोल रंगवणं, हे सगळं तिसऱ्या खुणेत येतं. नीटमध्ये असा प्रत्येक प्रश्न पाच गुणांना पडतो : मिळणारे चार गेले आणि वर एक वजा झाला. असे बारा प्रश्न म्हणजे साठ गुण. तिच्या बोलण्यावरून ही तिसरी खूणच जास्त निघेल असं मला वाटतं.

असं का होतं, हे तिलाही वाचून दाखवा. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. चार तासांत उठलं की हा पहाटेचा भाग जवळजवळ सगळाच बुडतो. शिवाय कमी झोपेत लक्ष क्षणभर तुटतं आणि ते आपल्याला कळतही नाही. २००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रौढांना सलग १४ दिवस चार किंवा सहा तासच झोपू दिलं. त्यांची एकाग्रता सलग एक-दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी घसरली, पण आपण इतके मागे पडलोय याची त्यांना फारशी जाणीव नव्हती. म्हणून ‘मला सवय झाली आहे’ असं ती म्हणाली, तर ते प्रामाणिक असलं तरी त्यावर विसंबू नका.

आता वेळापत्रक. उठण्याची वेळ साडेपाचच ठेवा, रविवारीसुद्धा. झोपण्याची वेळ दर दोन दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणा : दीड, एक, साडेबारा असं करत दोन आठवड्यांत दहापर्यंत. एकदम दहाला आडवं झालं तर झोप लागत नाही, मुलं वैतागतात आणि तिसऱ्या दिवशी नाद सोडतात. रात्रीची साडेसात तास आणि दुपारी जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून. डुलकी अर्ध्या तासापुढे गेली की गाढ झोप सुरू होते आणि उठल्यावर डोकं जड राहतं. पेपर दुपारी दोन ते पाच असतो, म्हणून शेवटच्या महिन्यात ही डुलकी बंद करून त्या तीन तासांत सराव परीक्षाच सोडवायची.

साडेतीन तास अभ्यास बुडेल ही भीती तुम्हा दोघांनाही वाटेल. साडेदहानंतर वाचलेल्या पानांवरचे दहा प्रश्न दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता लिहून पाहायला सांगा. तीन रात्री हे केलं की त्या जागरणातून नेमकं काय हाती लागतं ते तिला दिसेल. भौतिकशास्त्राची गणितं ताज्या डोक्याने, दिवसा. रात्री नऊ ते पावणेदहा फक्त जीवशास्त्राची उजळणी, नवा धडा नाही.

चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद. कॅफिनचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे नऊच्या चहातलं निम्मं रात्री दोनलाही अंगात असतं. खोलीतल्या बाकी मुली जागत असतील तर डोळ्यांवर सुती पट्टी आणि कानात बोळे, आणि दहानंतर त्यांनी अभ्यासिकेत बसावं म्हणून तुम्ही स्वतः वॉर्डनताईंशी बोला. मुलीने बोलून भांडण होतं, पालकाने बोललं की बहुधा जमतं.

तुमचा फोन किती वाजता जातो? बरेच पालक कामं आटपून साडेदहा-अकराला फोन करतात आणि पहिला प्रश्न ‘आज किती झालं?’ हाच असतो. त्यानंतर मूल तासभर तळमळतं. फोन आठला करा, जेवली का ते विचारा, घरचं सांगा. गुणांचं बोलणं आठवड्यातून एकदा, रविवारच्या परीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी. आणि रविवारची संध्याकाळ पूर्ण मोकळी. फिरणं, कपडे धुणं, मैत्रिणींशी गप्पा. रील्स पाहत पडून राहण्याने मात्र डोळ्यांना आणि डोक्याला विसावा मिळत नाही.

पुरेशी झोप घेऊनही थकवा राहिला तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, या वयाच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, सारखं रडू येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं एकदाही म्हणाली तर त्याच दिवशी तिच्याकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पाच आठवड्यांनी, म्हणजे वेळ दहावर स्थिरावून तीन सराव परीक्षा झाल्यावर, खुणांचा तक्ता पुन्हा करा. तिसरी खूण घटली असेल तर हाच क्लास चालू द्या. पहिलीच खूण जास्त असेल तर क्लासबद्दल बोलू, आणि याच नीटच्या गुणांवर मिळणाऱ्या बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएसच्या जागांबद्दलही. दोन्ही तक्ते सोबत पाठवा.