सिव्हिलही करायचंय आणि इतिहासही

ताई नमस्कार,

मनीषनगरहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलीला सीईटीत चांगलं पर्सेंटाइल आलंय, नागपुरातच बऱ्या कॉलेजात सिव्हिल मिळेल असं दिसतंय, पण तिला सोबत इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकायचंय, बाबा म्हणतात आधी डिग्री हातात घे मग काय वाचायचं ते वाच, आणि तुम्हाला धास्ती की दोन्हीच्या नादात तेलही गेलं तूपही गेलं असं व्हायचं.

दोन्ही जमतं ताई, फक्त ते कसं करायचं हे आधी नीट ठरवावं लागतं.

तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात की २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, मावशीच्या घरात पाणी शिरलं, तेव्हापासून पोरगी नाग नदीचे जुने नकाशे आणि बातम्यांची कात्रणं जमवते. अहो, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे! सांडव्यातून, म्हणजे तलावाचं जास्तीचं पाणी बाहेर पडायच्या वाटेतून, किती पाणी जाऊ शकतं हे गणित सिव्हिलचं, मान्य. पण नदीच्या पात्रात बांधकामं कशी होत गेली, सांडव्यासमोर काय उभं राहिलं, लोकांना हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात काहून जावं लागलं, घरात चिखल भरला त्यांना भरपाई कोणत्या हिशोबाने मिळते, हे हायड्रॉलिक्सच्या पुस्तकात सापडत नाही, त्यासाठी इतिहास, कायदा आणि अर्थशास्त्रच लागतं. म्हणजे तिला दोन वेगळे विषय नकोच आहेत, तिचा प्रश्न एकच आहे आणि तो दोन्हीकडून बघायचाय. बाबासाहेबांचंच बघा ना, १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते, पाणी आणि विजेचं धोरण त्यांच्याकडे होतं, दामोदर खोऱ्याच्या योजनेवर अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला हा माणूस इंजिनिअर लोकांसोबत बसून काम करत होता.

आता रस्ते. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ पासून एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिलीय, त्यामुळे बरेच पालक म्हणतात बीटेक इथे आणि बीए इग्नू या मुक्त विद्यापीठातून. इग्नूचं रीजनल सेंटर नागपुरात आहे, फीही परवडते. तरी पहिल्या वर्षी मी हे करू नका असंच सांगेन. इग्नूची परीक्षा जून आणि डिसेंबरची, इकडे कॉलेजची विंटर आणि समर एक्झाम त्याच सुमारास, वर असाइनमेंट, प्रॅक्टिकल, ७५ टक्के हजेरी. पोरं मग बीएची गाइडं पाठ करून पेपर काढतात, डिग्री मिळते पण इतिहास काही शिकून होत नाही.

त्यापेक्षा मायनर बघा, म्हणजे मुख्य डिग्रीसोबतचा छोटा दुसरा विषय. तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईच्या नियमात बीटेकच्या क्रेडिटवर १८ ते २० जास्तीचे क्रेडिट करून दुसऱ्या विषयात मायनर घेता येतं. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी मायनर म्हणजे एआय, डेटा सायन्स नाहीतर मॅनेजमेंट, ह्युमॅनिटीजचं नसतंच. नसेल तर सरकारच्या स्वयम या ऑनलाइन पोर्टलवर एनपीटीईएलचे कोर्स आहेत, आयआयटीचे प्रोफेसर अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास शिकवतात, शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला बसायचं तरच फी. एका सेमिस्टरला एकच कोर्स घ्यावा आणि पूर्ण करावा. क्रेडिट कॉलेज देतं का ते आधी लेखी विचारून घ्या.

जेईई मेनचाही स्कोअर आहे म्हणता, तर बाहेरचेही पर्याय बघून ठेवा. ट्रिपलआयटी दिल्लीत कॉम्प्युटर सायन्स आणि सोशल सायन्सेस असं एकत्रच बीटेक आहे. ट्रिपलआयटी हैदराबादमध्ये कॉम्प्युटिंग आणि ह्युमन सायन्सेसचा पाच वर्षांचा डुअल डिग्री कोर्स आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. बिट्स पिलानीत जेईईचा स्कोअर चालत नाही, त्यांची बिटसॅट परीक्षा लागते, पण तिथे एमएस्सी इकॉनॉमिक्सला घेतलं की पहिल्या वर्षाच्या मार्कांवर सोबत बीई मिळतं, फी मात्र जबर आहे, घरचा हिशोब करूनच पुढे जा. पण तिला नदीचंच वेड असेल तर कॉम्प्युटरच्या ब्रँचसाठी सिव्हिल सोडायला मी सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र तिच्याशी एकटीशी बोला. गणित आणि फिजिक्स घेऊन ती कोणी न सांगता बसते का? बसत असेल तर बिनधास्त सिव्हिल. नुसतं घरच्यांचं मन राखायला हो म्हणत असेल तर दोन्ही करायच्या नावाखाली चार वर्षं बॅकलॉग काढत बसेल, मग सरळ अर्थशास्त्र घेऊन बीए केलेलं बरं, त्यात कमीपणा काहीच नाही.

बाबांचंही सगळं चूक नाही, डिग्री पक्की हवीच. बीटेक झाल्यावर टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला एमए करता येतं, हा दरवाजा बंद होत नाही. फक्त मधली चार वर्षं वाचणं लिहिणं पूर्ण थांबलं तर नंतर ती आवड परत जागी करणं फार जड जातं, हे मी किती पोरांमध्ये बघितलंय. म्हणून त्यांना सांगा, आठवड्यातली एक दुपार तिची राहू द्या, त्या वेळेत क्लास लावायचा नाही. त्या दुपारी तिने अंबाझरीवर, नाग नदीवर स्वतः चार पानं लिहावीत, जमल्यास मराठीत आणि इंग्रजीतही.

आणि कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी तिघंही कॉलेजात जाऊन या. विभागप्रमुखांना विचारा, ह्युमॅनिटीजचं मायनर चालू आहे का, मागच्या वर्षी किती मुलांनी घेतलं, शिकवतं कोण, एनपीटीईएलचे क्रेडिट धरता का. प्लेसमेंटचा प्रश्न बाबा विचारतीलच, हे प्रश्न तिला स्वतःला विचारू द्या. काय उत्तरं मिळाली ते मला कळवा, मग ऑप्शनचा क्रम सोबत बसून लावू.