तिसऱ्यांदा नीट कुणासाठी?

प्रश्न : माझी मुलगी दोनदा नीटला बसली, दोन्ही वेळा एमबीबीएसचा प्रवेश थोडक्यात हुकला. पशुवैद्यकीयला मिळतोय. ती म्हणते, मला आतड्यांच्या संसर्गावर संशोधन करायचंय, मी हेच घेते. आम्ही तिला तिसऱ्यांदा बसवायचं ठरवलं आहे. संशोधनच करायचं तर माणसांच्या आजारांवर करावं, गुरांची डॉक्टर होऊन काय साधणार? तिला समजवा. – एक पालक

उत्तर : तिला काय समजवू? माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं कॉलेजचं नाव सांगतात, ही विषयाचं नाव सांगते आहे. मला काळजी वाटली ती तुमच्या ‘आम्ही ठरवलं आहे’ची. ठरवणार तुम्ही आणि वर्षभर पुस्तकात डोकं घालून बसणार ती. गुण वाढतीलही. पण हे वर्ष घालवायचं कशासाठी? चारचौघांत ‘गुरांची डॉक्टर’ म्हणावं लागू नये म्हणून? कडू वाटेल, पण पत्रात याखेरीज कारण मला सापडलं नाही.

माणसांच्या आजारांवर संशोधन करायला माणसांचाच डॉक्टर लागतो, हा समज आधी डोक्यातून काढा. पीटर डोहर्टी शिक्षणाने पशुवैद्य. विषाणूने ग्रासलेली पेशी शरीराच्या टी पेशी (रक्तातल्या संरक्षक पेशी) कशी ओळखतात, हे त्यांनी रोल्फ झिंकरनागेल यांच्यासोबत उंदरांवर शोधलं आणि दोघांना १९९६चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. उलट कोलकात्याचे शंभुनाथ डे माणसांचे डॉक्टर, पण कॉलऱ्याचं कोडं त्यांना सशाच्या पोटात सुटलं. सशाचं आतडं जागोजागी दोऱ्याने बांधून त्यांनी बंद कप्पे केले. ज्या कप्प्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले, तो पाण्याने टम्म फुगला. १९५९मध्ये त्यांनी दाखवलं की जंतू गाळून उरलेल्या नुसत्या द्रवानेही तेच होतं. म्हणजे जुलाब घडवतं ते जंतूचं विष. टायफॉइडचा जंतू ज्या साल्मोनेला कुळातला, त्या कुळाला नावही साल्मन या पशुवैद्याचं आहे. (ज्या जंतूवरून कुळाला हे नाव पडलं, तो शोधला त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथ यांनी. साहेबाचं नाव लागणं तेव्हाही होतंच!)

आता थोडं मुलीशी. बाळ, पदवीच्या वर्षांत संशोधन फारसं वाट्याला येणार नाही. शरीररचना, गाभण जनावरं, शस्त्रक्रिया, दवाखाना हेच मुख्य. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा विकृतिशास्त्रात (पॅथॉलॉजी) पदव्युत्तर आणि मग पीएचडी, हा रस्ता ठरलेला. रोजचं काम म्हणजे शेणाचे नमुने, जंतू वाढवायच्या बशा म्हणजे प्लेटा आणि वाट पाहणं. जठरातला हेलिकोबॅक्टर हा जंतू १९८२मध्ये प्लेटवर उगवला, तो ईस्टरच्या सुट्टीत प्लेट जास्त दिवस तशीच राहिली म्हणून. एरवी दोन दिवसांत काही दिसलं नाही की प्लेट फेकून देत. असं काहीच न उगवणं तुला सोसेल का? आणि जनावरांना हात लावायचीच इच्छा नसेल, फक्त जंतूच खुणावत असतील, तर हाही प्रवेश सोड आणि सरळ मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी कर.

प्रवेशाची मुदत संपायच्या आत जवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात विचारून एखाद्या जनावराचं शवविच्छेदन बघून ये. आतडं उघडल्यावर वास येतो, तेव्हा आपण मागे सरकतो की बघायला पुढे वाकतो, एवढंच तपास.

बाबा, तुम्ही मात्र सोबत जाऊ नका.