गेरूच्या तीन रेघा

प्रश्न : ताई, माझी आजी गेल्या श्रावणात गेली. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. आम्ही सांगलीला गावभागात राहतो. आजीने गल्लीसाठी जन्मभर अर्ज केले. दिव्याचा खांब, तुंबलेलं गटार, मंडईत बायकांसाठी स्वच्छतागृह. ती सांगायची आणि आठवीपासून मी लिहायचे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर चढलं, ते तिने जिन्याच्या भिंतीवर गेरूने रेघा मारून ठेवलंय. काका आता घर रंगवून घेतायत, म्हणजे रेघा जाणार. अर्जांनी भरलेली वायरची पिशवी रद्दीत घाल म्हणतात. पुण्यस्मरणाच्या पत्रिकेवरचा मजकूर मी लिहायचाय, पण ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’ याच्यापुढे काही सुचत नाही. काका म्हणतात, “अर्जबिर्ज नको, आजी म्हणून लिही.” पिशवीतल्या शेवटच्या अर्जावर तर पोचसुद्धा नाही. मी काय करू?
— एक नात, सांगली

उत्तर : पोरी, आधी भिंतीचं बघ. पत्रिकेला अजून दिवस आहेत, पण भिंतीवर एकदा ब्रश फिरला की संपलं.

काकांशी भांडू नकोस. त्यांची आई गेलीय, आणि वर्ष सरताना घर स्वच्छ, उजळ दिसावं असं त्यांना वाटतंय. त्यांच्याकडे फक्त एक वीतभर रुंदीची पट्टी माग. बाकी जिना हवा तो रंग देऊ देत. पट्टी कशासाठी, हेही त्यांना नीट सांग. पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी एकच विचारणा असते, “आयर्विनला किती झाले?” कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर, २०२१ ला ५५ च्या आसपास. पण पुलावरचा आकडा सगळ्या गावाचा झाला. तुमच्या जिन्यात पाणी कितव्या पायरीला लागतं, ते फक्त आजीच्या रेघा सांगतात. पुन्हा ५० च्या वर आकडा गेला तर गॅसची टाकी, कागदपत्रं, धान्याचे डबे कुठवर चढवायचे, हे काकांना त्या पट्टीवरून कळेल. उंबऱ्यापासून टेप लावून तिन्ही रेघांची उंची मोज. टेप दिसेल असे फोटो काढ. शेजारी साल आणि त्या साली आयर्विनला किती फूट होते तेही लिही.

आता लिहिण्याचं.

माझी आजी साताऱ्याची. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते. मोठ्या उमाळ्याने मी तिच्यावर दोन पानं लिहिली. त्यात ‘वात्सल्यमूर्ती’ हा शब्द तीनदा होता. शेजारच्या आक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “छान लिहिलंयस गं. पण गाडगं कुठाय?”

आमच्या स्वयंपाकघरात फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, काठाला टवका उडालेलं एक लहानसं गाडगं असायचं. दळण काढताना आजी सुपातली एक मूठ ज्वारी त्यात टाकायची आणि मग बाकीची दळणाच्या डब्यात. रोज बघून बघून मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. ते काय होतं, ते आक्कांनी सांगितलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची. त्यांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. पुढे घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा व्हायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. आजीची मूठ तेव्हाची. माझ्या लहानपणी ते धान्य बोर्डिंगला जात नव्हतं, तरी तिची मूठ थांबली नव्हती. गाडगं भरलं की ते पदराखाली झाकून ती गल्लीत कुणाच्या तरी घरी जायची. कितीदा तरी मला बरोबर नेलं होतं तिने. मी दारात उभी असायचे. आणि माझ्या दोन पानांत त्यातलं काहीच नव्हतं. ती दोन पानं मी पुन्हा कुणाला दाखवली नाहीत.

म्हणून तुला कळवळून सांगते, विशेषणं सोड. काका म्हणतात तसं ‘आजी म्हणून’च लिही, पण तुझी आजी आणि ती अर्ज करणारी बाई या दोघी वेगळ्या नव्हत्याच. तू स्वतःच लिहिलंयस, ती सांगायची आणि तू लिहायचीस. तुझं अक्षर वळणदार झालं ते तिथेच. मग ती दुपार लिही. ती कुठे बसायची? ‘महोदय’ कसं म्हणायची? खाडाखोड झाली तर पूर्ण कागद पुन्हा लिहायला लावायची का? आवक-जावकच्या खिडकीशी तुझा हात धरून उभी राहायची, तेव्हा पिशवीत तुझ्यासाठी काय असायचं? भडंगाची पुडी होती की लिमलेटची गोळी, ते तुलाच माहीत. यातलं एकच काहीतरी घे आणि चार-पाच ओळी लिही. पत्रिकेला तेवढं पुष्कळ झालं.

पिशवी रद्दीत घालू नकोस. कागद दमट असतील, तर उन्हात न टाकता सावलीत, पंख्याखाली सुट्टे पसर. चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर अजिबात करू नकोस. टाचण्या-स्टेपल गंजल्या असतील तर अलगद काढ. तारखेप्रमाणे लाव आणि धुतलेल्या सुती कापडात बांध. काहींवर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प असेल, ते बहुधा माहिती अधिकाराचे, २००५ नंतरचे. त्यांना तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून अर्ज आणि आलेलं उत्तर जोडीने ठेव. ज्या अर्जावर पोचेचा शिक्का आहे त्याच्या मागे पेन्सिलीने लिही, पुढे काय झालं. खांब लागला का? कोणत्या साली? आत्याला विचार, समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार. वर्षश्राद्धाला सगळे येतीलच, जेवणं झाली की पिशवी मध्ये ठेव. माझ्या आक्कांसारखं कुणीतरी तुमच्याकडेही असेल.

काकांनाही एखादा कागद हातात दे. आईचा अंगठा किंवा सही बघितली की माणूस रद्दीचं बोलत नाही.

शेवटचा अर्ज मात्र कापडात बांधू नकोस. त्याला पोच नाही म्हणजे तो पोचलाच नाही, किंवा तिचे पाय तिथवर गेले नाहीत. तो कशाबद्दलचा आहे, ते तू पत्रात लिहिलं नाहीस. वाचून बघ. ते काम अजून अडलेलं असेल, तर कोऱ्या कागदावर आजची तारीख घालून तुझ्या सहीने पुन्हा लिही, दोन प्रती कर, आणि दुसरीवर शिक्का घेऊन ये. कशाचा होता, ते मला कळव.